वरच्या मजल्यावरची तिसरी खाट

२४ जून १९७४, सांगली

ही कारखान्याची डायरी हाय. नानासो चुलत्यानं दिली. म्हनला, जोतीराम, हिच्यात रोज इंग्रजीचं शब्द लिव, म्हंजे ऑक्टोबरात सुटशील. पयल्या पानावर उसाचं चित्र, दुसऱ्यावर चेरमनचा फोटू. चेरमनला मिशा काढाव्या म्हनलं तर त्याला हुत्याच. मग शिंगं काढली.

मॅट्रिकला इंग्रजी आन गनित परत ऱ्हायलं, म्हनून मला कृष्णातच्या होस्टेलवर आनून टाकलंय. कृष्णात म्हंजे नानासोचा पोरगा. हितं हिंजनेरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय. वरच्या मजल्यावर त्याची खोली, खोलीत तीन खाटा. एकीवर त्यो, दुसरीवर विट्याचा एक चष्मेवाला, तिसरीवर मी. माजं नाव होस्टेलच्या कुठल्याच कागदावर न्हाई. आसल्याला हितं पॅरासाईट म्हनत्यात. कृष्णातला अर्थ इचारला तर म्हनला, पाहुना. पयला इंग्रजी शब्द म्हनून त्योच लिवला.

रेक्टरला समदं म्हाईत हाय. नानासोनं त्याच्या घरी गुळाची ढेप पोचवली तवा रेक्टर म्हनला, "राहू दे पोराला. पण मला दिसला नाही पाहिजे." तवापास्नं मी त्याला दिसत न्हाई. काल जिन्यात माज्या पायावर पाय दिऊन गेला, वळून बगितलं बी न्हाई. मानूस शब्दाचा पक्का.

८ जुलै

खालच्या मजल्यावर नवं पोरगं आलंय, सयाजी पवार. मी म्हनलं आपलाच भाऊबंद दिसतोय, इचारलं कंच्या गावचा पवार. म्हनला, खंडाळ्याकडचा, पन गाव न्हाई, माळ हाय. फासेपारधी. आडनाव आमचं लावून बसलाय आन त्वांड वर करून सांगतोय.

आदिवासीच्या राखीव जागंवर आलाय. कृष्णात म्हनला, पंचावन टक्क्यावर घेतला त्याला, हितं सत्तरवाली पोरं बोंबलत भाईर ऱ्हायली. कृष्णातला स्वतःला बावन हुतं, पन त्याचं येगळं. त्यो सैनिकाच्या पोरांच्या जागंतनं आलाय. नानासोनं लष्करात नोकरी केली. त्याला सवलत म्हनत न्हाईत, मान म्हनत्यात.

सांच्याला समद्या होस्टेलनं ट्रंकांना कुलपं आनली. कृष्णातनं पितळी आनलं. त्याच्या ट्रंकंतलं लाडू मी रोज खातोय, आता बिजागरीच्या अंगानं उघडावी लागनार. पारध्यापायी मला ताप.

१९ जुलै

सयाजीची थोडी मज्जा करावी म्हनलं. सांगितलं, हितली रीत हाय, नव्या पोरानं मेसच्या आचाऱ्याला रोज सकाळी सॅल्यूट ठोकायचा. मागं एका धनगराच्या पोरानं आठवडाभर ठोकला हुता म्हनत्यात.

सयाजीनं माज्याकडं बगितलं. म्हनला, "तू कंच्या वर्षाला?"

म्हनलं, मी बाहेरनं बसतो.

"मग सॅल्यूट बी बाहेरनंच करत आसशील."

आन गेला. समदी पोरं माज्याकडं बगून हसली. सवलतीवर आलेल्या मानसाला एवढी जीभ कुनी दिली कळत न्हाई.

२ ऑगस्ट

आज लिवायचं न्हवतं, पन राग जात न्हाई.

मेसच्या मागं घानेरीची झुडपं हायत. तितं रोज सांच्याला तित्तर वरडायचं. मी गलोल घिऊन बसायचो. उजव्या झुडपात दगूड मारला की डावीकडनं वरडायचं. माज्या हाताला काटं, कापडाला चिखूल. कृष्णातला म्हनलं, भाजून खाऊ. त्यो मीठ-मिरची घिऊन तयार.

आज कळलं. सयाजी खिडकीत दाढी करत बसायचा आन मधी मधी गाल फुगवून तित्तर वरडायचा. खालच्या मजल्याला समद्यांस्नी म्हाईत हुतं. खुर्च्या टाकून बगत हुती भाडखाव.

मी म्हनलं, लय शाना झालास व्हय रं.

म्हनला, "आमच्यात बारकी पोरं बी ह्याला फसत न्हाईत गड्या. पाखरंच फसत्यात."

१७ ऑगस्ट

सयाजीची आई आली हुती, हरनाबाई. येताना डोसक्यावर बोचकं, कासोट्याचं लुगडं, पायात काय न्हाई. फाटकाच्या आत यायला तयार न्हाई, भाईर लिंबाखाली बसली. कृष्णातला कधी न्हाई ती दया आली, म्हनला जा, म्हातारीला पानी दिऊन ये.

मी तांब्या घिऊन गेलो. तिनं बगितलं आन मान हलवली. म्हनलं, घे की मावशी, चांगलं पानी हाय. म्हनली, पानी चांगलंच आसंल बाबा. पन घेतलं न्हाई. मग सयाजीनं त्याच्या तांब्यातनं दिलं तर घटाघटा प्याली.

मी तितंच हुबा. आमच्या वाड्याच्या आडावर मानसं वंजळ धरून हुबी ऱ्हायची, आसं आबा सांगत्यात. आन ही माळावरची बाई पवाराच्या हातचं पानी परत लावती.

सयाजीला इचारलं तर आधी सांगंना. मग म्हनला, आमच्यात दुसऱ्या कुनाच्या हातचं चालत न्हाई. तुजंच न्हाई, कुनाचंच. आजून बी लय हाय. बाईचं नेसलेलं कापड गड्याच्या डोक्यावरनं जाऊ द्यायचं न्हाई. वर बाया चालत्यात तसल्या छपराखाली गड्यानं निजायचं न्हाई. कुनी निजला तर पंच त्याला भाईर काढत्यात. मग कुनी त्याला इस्तू देत न्हाई, आई बी भाकरी देत न्हाई.

"तू हिंजनेर हुनार आन आसलं पाळनार?"

म्हनला, "मी होस्टेलच्या मेसमधी जेवतो, तेवढ्यावरच दोन बैठका झाल्या. शिकायला गेलाय म्हनून पंचांनी त्ये सोडलं. एवढं एक पाळ म्हनले. हिंजनेर झालो तरी ती आईच हाय न्हवं."

मी समद्या मजल्याला सांगत सुटलो, आपुन त्यास्नी इटाळ हाय म्हनून. लय हसलो. कृष्णात हसला न्हाई, आंगूळ करायला गेला.

२६ ऑगस्ट

रेक्टरचं क्वार्टर गळायला लागलं म्हनून त्यानं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर हलवलं, दक्षिनेच्या टोकाला. बायकू लीलाबाई, दोन पोरी, एक म्हातारी सासू. दिसभर धाडधाड चालत्यात. त्यांच्या बरुबर खाली सयाजीची खोली.

सांच्याला बगितलं तर सयाजी अंथरून काखंत मारून सायकलींच्या शेडमधी चाललेला. तीन बाजूनं पत्रा, म्होरं कळकाच्या काठ्या. दोन सायकलींच्या मधी गोधडी टाकली. मी वरनं तित्तरावानी वरडून बगितलं. नीट जमलं न्हाई.

३१ ऑगस्ट

खाली कुनी खाट बदलून दिली न्हाई म्हनून सयाजी रेक्टरकडं खोली बदलून मागायला गेला हुता. मी ऑफिसाच्या खिडकीखाली बसून ऐकलं. समदं नीट सांगितलं त्यानं, पंचाचं, आईचं. रेक्टर म्हनला, "सरकारने जागा दिली, आता मजलाही निवडून द्यायचा का? वर एक खाट रिकामी नाही. आणि शेडमध्ये झोपायचं असेल तर होस्टेल कशाला पाहिजे?"

मग सयाजी आमच्या खोलीवर आला. दारातच हुबा ऱ्हायला. कृष्णातनं पुस्तकात त्वांड घातलं. मी माज्या खाटंवर लोळत हुतो.

म्हनला, "ही खाट कुनाची?"

"माजी."

"होस्टेलात नाव हाय तुजं?"

"तुला काय करायचंय?"

"मला कायबी करायचं न्हाई. मला निजायचंय."

मी म्हनलं, "राखीव जागा खाली हायत गड्या. वर समद्या खुल्या."

चष्मेवाला एवढा हसला की चष्मा पडला. वाक्य मला बी आवडलं म्हनून हितं लिवून ठेवतोय. सयाजी गेला. कृष्णातनं पुस्तक मिटलं. मग म्हनला, जोत्या, तू पंधरा दिस गावाकडं जाऊन आलास तर? मी म्हनलं, तूच जा की, तुज्या बापानं ढेप माज्यासाठी दिलीया.

परीक्षा हाय माजी. ती कुनी बगत न्हाई.

१८ सप्टेंबर

पावसाची झड लागलीया. शेडमधी पानी शिरतंय. सयाजी ड्रॉइंगचं कागूद मेनकापडात गुंडाळून उशाला घेतो. खोकतोय. दिसभर खाली त्याच्याच खोलीत बसून आभ्यास करतो, दिवसाचं चालतंय जनू. निजायचं तेवढं न्हाई. काय ह्या अडान्यांचं डोस्कं. पलंग सोडून चिखलात निजायचं, ते बी वर बाया चालत्यात म्हनून.

इंग्रजीचं शब्द आज सात लिवले. मग पान फाडून हुडी केली.

९ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिवतो.

हिंजनेरिंगवाल्यांची टर्मिनल चालू हाय. आज पयल्या वर्षाचा ड्रॉइंगचा पेपर हुता. मला पयाटंच जाग आली आन डोस्क्यात आलं. लीलाबाईचं पातळ ग्यालरीत वाळत हुतं, निळ्या काठाचं. ते वढलं, खाली आलो. शेडला एकच वाट, एक मानूस जाईल एवढी. तिच्यावर पातळ आडवं बांधलं, दोन्ही अंगाला कळकाला. गाठी बैलगाडीच्या मारल्या, भाईरच्या अंगानं, आतनं हात पोचनार न्हाई आशा. आत सयाजी निजलेला.

उजाडलं तशी पोरं तोंडात बरश घालून गोळा झाली. सयाजी उठला, तयार झाला, पाठीला ड्रॉइंगचा बोर्ड, हातात टी-स्क्वेअर. वाटंशी आला आन थांबला. टी-स्क्वेअरनं ढकलून बगितलं. पातळ हललं, निघालं न्हाई.

पोरं खिदळाया लागली. कुनीतरी म्हनलं, पारधी फाशात गावला.

सयाजीनं माज्याकडंच बगितलं. गर्दीत चाळीस पोरं हुती. कसं कळलं त्याला, देव जाने. म्हनला, "जोतीराम, काढ ते. पेपर हाय."

"वाकून ये की."

"वाकलं तरी डोक्यावरनंच जातंय."

"मग बस आत. कोन बगतंय? तुजं पंच हायत व्हय हितं?"

म्हनला, "मी हाय की."

मला वाटलं कृष्णात काढंल. त्यो माज्या शेजारीच हुता. त्यानं घड्याळ बगितलं आन त्याच्या पेपराला गेला.

वर लीलाबाई पातळ हुडकत हुती. खाली बगितलं आन वरडली. तेवढ्यात शेडमधनं पत्र्याचा आवाज. सयाजीनं मागचा पत्रा खिळ्यासकट उचकटला, वाकवला, आन बोर्ड आधी भाईर टाकून स्वतः निघाला. कोपरापास्नं मनगटापतूर पत्र्यानं फाडलं. तसाच पळत गेला. पोरं म्हनली, अर्धा तास उशिरानं बसला, आन कागदाला रगत लागू नये म्हनून हाताला बनियन गुंडाळला हुता.

रेक्टर आला. पातळ सोडवून बायकूला दिलं. मग वाकलेला पत्रा हातानं चाचपून बगितला.

११ ऑक्टोबर

चौकशी झाली. ऑफिसात रेक्टर, म्होरं सयाजी. मी दाराला टेकून हुबा. बगायचंच हुतं मला.

रेक्टर म्हनला, होस्टेलच्या मालमत्तेची नासधूस. सयाजी म्हनला, वाट बंद केली हुती सर, जोतीरामनं पातळ बांधलं हुतं.

"कोण जोतीराम?"

"ह्यो." माज्याकडं बोट.

रेक्टरनं मान वळवली. मी डोळ्याला डोळा लावून हुबा. त्यो माज्यातनं आरपार बगून म्हनला, "या नावाचा विद्यार्थी होस्टेलात नाही."

कृष्णातला बोलावलं. तुझ्या खोलीत किती जण? कृष्णात म्हनला, दोघं सर. माज्या हातभर अंतरावर हुबा हुता.

"जो इथं राहतच नाही, तो पातळ कसं बांधेल?" रेक्टर म्हनला. सयाजीला होस्टेलमधनं काढलं. कॉलेजातली जागा रेक्टरच्या हातात न्हाई म्हनून ती ऱ्हायली, न्हाईतर ती बी गेली आसती.

आसला विनोद मला जन्मात सुचला नसता. म्हनजे मी खून केला तरी चालतंय. सयाजी ट्रंक घिऊन जाताना माज्याजवळनं गेला. त्यानं बी बगितलं न्हाई, जनू मी न्हाईच.

मेसमधी आमटी खारट हुती. जेवलो न्हाई.

२१ ऑक्टोबर

इंग्रजीचा पेपर झाला. पाच प्रश्नांतला एक आला. वाट बगून बगून भाईर पडलो. होस्टेलात चष्मेवाल्याची डिक्शनरी पडलेली, सहज पॅरासाईट बगितलं. बांडगूळ.

कृष्णातला इचारलं, पाहुना म्हनला हुतास की. म्हनला, तुला वाईट वाटंल म्हनून. चार महिनं समद्यांस्नी मी ऐटीत सांगत हुतो, मी पॅरासाईट हाय म्हनून.

२४ ऑक्टोबर

सयाजीच्या खोलीत त्याचं सेट-स्क्वेअर ऱ्हायलं हुतं. कृष्णातनं माज्या हातात दिलं, म्हनला दिऊन ये. तूच दे की, तुज्याच कॉलेजात हाय. म्हनला, मला जमत न्हाई. शूर सैनिकाचं पोरगं.

माधवनगरच्या रस्त्याला, मिलच्या पलीकडं माळावर तीन पालं हायत. हरनाबाई पोरासाठी खंडाळ्याकडनं बिऱ्हाड हितं घिऊन आलीया. पालाच्या म्होरं दोरीवर बायांची कापडं वाळत हुती. मी माज्या नादात सरळ चाललेलो. म्हातारी कुठनं आली कळलं न्हाई, पळत आली आन मी दोरीखाली जायच्या आधी समदी कापडं खाली वढली. वली लुगडी फुफाट्यात पडली.

"थांब बाबा, आता जा," म्हनली.

सयाजी पालातनं भाईर आला. हाताला आजून चिंधी. म्हनला, "आई, ह्योच त्यो."

म्हातारीनं मला बगितलं. लुगडं झटकलं. म्हनली, "वळखलं की. पानी घिऊन आलता." मग कापडं गोळा केली आन परत धुवायला वड्याकडं गेली. त्यांच्यात माज्या डोस्क्याची एवढी किंमत कशापायी, कुनास ठावं. मी गेलो आसतो खालनं. आमच्यात आसलं कुनी मानत न्हाई.

सेट-स्क्वेअर दगडावर ठेवलं. त्वांडात आलं ते बोलून टाकलं, "मी उद्या गावाकडं निगालो. पेपर झालं. वरची खाट मोकळी हाय. वर नुसतं छप्पर. तू ये."

सयाजी पयल्यांदा माज्याकडं बगून हसला. चांगलं हसनं न्हवतं ते.

"तुजी खाट तू मला देनार?"

"व्हय."

"आन तुला कुनी दिली?"

मी दगडावरचं सेट-स्क्वेअर त्याच्याकडं सरकवलं. 

त्यानं सेट-स्क्वेअर उचललं, पुसलं. म्हनला, "बगतो. हितं उजेड लवकर जातोय."

१२ नोव्हेंबर, गाव

कृष्णात दिवाळीला आलाय. आई करंज्या तळतीया, आमी दोघं वसरीत बसलो. सयाजीचं काय झालं, म्हनून मीच इचारलं.

सयाजी रेक्टरकडं गेला हुता म्हनं. म्हनला, पत्रा मी ठोकून नीट केलाय, आता वरची तिसरी खाट मोकळी झालीया, ती द्या. रेक्टर म्हनला, "तिथं कुणी राहतच नव्हतं, मग ती मोकळी झाली कशी?" कृष्णातला बोलावलं. तुमच्या खोलीतून कुणी गेलंय का? कृष्णात म्हनला, न्हाई सर.

"आन दुसऱ्याच दिशी लीलाबाईचा भाचा त्या खाटंवर ऱ्हायला आला," कृष्णात म्हनला. "त्याचं बी नाव कुठं न्हाई."

म्हनलं, सयाजी काय म्हनला?

कृष्णातनं आधी आत बगितलं, नानासो हाय का ते. मग म्हनला, "रेक्टरला म्हनला, सर, आमच्या पालावर रोज पोलीस येत्यात. हितं ऱ्हाऊ नका म्हनत्यात. पन तुमी हितं न्हाईच, आसं आजून एका पोलिसानं म्हनलं न्हाई."

कृष्णात हसला. मला वाटलं मी बी हसंन.

पोलिसांनी पालं मिलपास्नं आजून लांब हाकलली. तितनं सयाजी चालत विश्रामबागला कॉलेजात येतो, डोस्क्यावर ड्रॉइंगचा बोर्ड. टर्मिनलला समद्या इशयांत सुटला. रगत लागलेल्या पेपराला पन्नासला एकोनतीस. लय न्हाई, पन सुटला.

"आन तू?" म्हनलं.

कृष्णात करंजी खात बसला. खुंटीवरच्या पँटच्या खिशात गुनपत्रक हुतं, ते मला सापडलंच. तीन इशय ऱ्हायलंत. आसंच चाललं तर जूनमधी सयाजी दुसऱ्या वर्षाला यील आन कृष्णात तितंच बसलेला आसंल, दोघं एका बाकावर.

नानासो आत्ताच शेतातनं आला. पाय धुतोय. त्याला गुनपत्रकाचं काय म्हाईत न्हाई. त्यो ताटावर बसला की मी सांगनार हाय.